विदर्भाच्या उन्हात कोणतं कुत्रं पाळावं, आणि ते कसं सांभाळावं

पिल्लू आणायचं ठरलं की आधी जातीचा वाद सुरू होतो. पोरांना मोबाईलवर पाहिलेला हस्की हवा असतो, आजोबांना वावरात जागलीला नेण्याजोगं कुत्रं हवं असतं, आणि ज्या माउलीच्या हातची भाकर ते रोज खाणार तिला कोणी विचारत नाही. तिला जरूर विचारा. पण त्याआधी मे महिन्याचा विचार करा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि नवतपात भिंती रात्रीही गरम असतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या आणि तोंडा-नाकातला ओलावा उडवून अंग थंड करायचं, हाच त्याचा मुख्य मार्ग. म्हणून आपल्याकडे जात निवडताना नाकाड किती लांब आहे, केस किती दाट आहेत आणि वजन किती होणार आहे हे आधी बघायचं. रंगरूप नंतर.

लोकांना आवडणाऱ्या जाती आणि त्यांचा आपल्याकडचा निभाव

लॅब्रॅडॉर घराघरात आवडतो याला कारण आहे. ही जात कॅनडातल्या न्यूफाउंडलंडची. तिथे तो थंड पाण्यात उतरून कोळ्यांना जाळी आणि सुटलेले मासे ओढून आणून द्यायचा. माणसाच्या हाताशी राहून काम करणं त्याच्या रक्तात आहे, त्यामुळे तो लवकर शिकतो, घरच्यांना लळा लावतो आणि लहान पोरांची धसमुसळ पुष्कळ सोसतो. राखणीसाठी मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नका. अनोळखी माणसाशीही तो दोन मिनिटांत दोस्ती करतो.

लॅबची खरी अडचण त्याची भूक. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना दिसलं की बऱ्याच लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. ‘पोट भरलं’ हा निरोप त्यांच्या मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे तो भुकेल्या डोळ्यांनी बघतो तेव्हा नाटक करत नसतो, पण म्हणून त्याला देत राहायचं नाही. चरबी चढलेला लॅब उन्हाळ्यात सगळ्यात आधी कोसळतो. दर पंधरा दिवसांनी त्याच्या बरगड्यांवरून बोटं फिरवा. मूठ मिटून बोटांच्या गाठींवरून हात फिरवल्यावर जसं टोचतं तशा बरगड्या लागल्या तर तो रोड आहे. उघड्या तळहाताच्या मागच्या बाजूची हाडं लागतात तशा लागल्या तर वजन बरोबर आहे. तळहाताच्या गादीसारखं मऊ लागलं तर भाकर कमी करा.

जर्मन शेफर्ड राखणीला चांगला, शिस्तीचा आणि घरातल्या एका माणसावर जीव टाकणारा. १८९९ पासून जर्मनीत मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून ही जात घडवली गेली. त्याला दिवसभर काम लागतं. नुसता बांधून ठेवला तर तो साखळी चावतो, गोल-गोल फिरतो, आणि शेवटी माणसावर धावून जातो. या जातीत मागच्या खुब्यांचा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, म्हणून पिल्लाआधी त्याच्या आई-बापाला चालताना बघा. मागचा भाग लचकत असेल किंवा बसून उठताना त्रास होत असेल तर ते पिल्लू घेऊ नका. उन्हाळ्यात त्याचे केस भादरण्याची चूक बरेच जण करतात. वरचे लांब केस ऊन अडवतात, आणि आतली लोकर विंचरून काढली की हवा खेळते. म्हणून वस्तरा नको. फाल्गुन-चैत्रात रोज दहा मिनिटं लांब दात्यांच्या ब्रशने विंचरा.

आपल्याकडे ‘पामेरियन’ म्हणून जे पांढरं, झुबकेदार कुत्रं विकलं जातं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. परदेशी पोमेरेनियनपेक्षा ते मोठं आणि काटक. पाच-सात किलोचं, कमी खाणारं, दारात पाऊल वाजलं की भुंकणारं. लहान घरात म्हाताऱ्या माणसांच्या सोबतीला ते फार चांगलं. त्याचे दात लवकर खराब होतात, म्हणून नुसत्या दूध-बिस्किटावर वाढवू नका.

डॉबरमन आखूड केसांचा असल्यामुळे ऊन त्यातल्या त्यात सोसतो, पण पौषातल्या थंडीत त्याला ओसरीत पोत्यावर झोपवून भागत नाही, आणि शिकवणारा माणूस घरात नसेल तर तो आणूच नये. पग, फ्रेंच बुलडॉग यांची नाकं चपटी, आत हवेला वाट अपुरी. हस्की आणि सेंट बर्नार्ड बर्फातले. एसीची खोली आणि चोवीस तास वीज असेल तरच यांचा विचार करावा. गावात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा आमचं मत सरळ आहे: विदर्भाच्या गावात हे प्राणी आणणं म्हणजे त्यांचे हाल करणं.

मराठवाड्याकडून बुलढाण्याच्या बाजूला कारवानी येतो. लांब पायांचा, कमरेला बारीक, वाऱ्यासारखा पळणारा. उन्हाला तो टिकतो. पण पळणारं काहीही दिसलं की पाठलाग करायचा, हा त्याचा पिढीजात धंदा आहे. शेळ्या-कोंबड्यांच्या घरात लहानपणापासून सवय लावली नाही तर तो घात करतो. त्याला घेऊन ससे मारायला जाणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि वनखातं यात सूट देत नाही.

आणि गावठी. ज्याला जात नाही म्हणून लोक नाक मुरडतात, त्याला निवडलंय इथल्या उन्हानेच. आखूड केस, लांब नाक, उभे कान, वीस किलोच्या आसपास वजन. खुब्यांचे आजार कमी, भाकर कमी, हुशारी भरपूर. कोठ्यातली गाय परकी कोणती आणि आपली कोणती, हे त्याला महिन्याभरात कळतं. सपरीत झोपेल, वावरात येईल, रोह्यांचा कळप बांधावर आला की हाकलेल. जागलीला जायचं असेल, घरी शेळ्या-कोंबड्या असतील आणि कूलर एकच असेल, तर दुसरीकडे बघायची गरज नाही. त्याला लसी मात्र तेवढ्याच लागतात जेवढ्या महागाच्या कुत्र्याला. ‘गावठीला काही होत नाही’ म्हणणाऱ्या घरांतली पिल्लं पार्वोने, म्हणजे रक्ताची हगवण लावणाऱ्या विषाणूने, पटापट मरतात.

पिल्लू कधी आणि कसं घ्यावं

गावठी कुत्र्यांचा हंगाम भाद्रपदातला. ६३ दिवसांच्या आसपास पिल्लं होतात, म्हणजे कार्तिकात. आठ आठवडे आईजवळ काढून पिल्लू पौषाच्या सुमारास घरी येतं, आणि लसींचा पहिला फेरा फाल्गुनापर्यंत आटोपतो. ऊन तापायच्या आत ते तयार होतं. विकत घ्यायचं असेल तरी हाच हिशेब धरा. एप्रिल-मे मध्ये आणलेलं पिल्लू एकाच वेळी ऊन, नवं घर आणि लसींचा ताण सोसतं.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. तरी ३० दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात, कारण तेव्हा ती गोंडस दिसतात. आईचं दूध आणि भावंडांची संगत लवकर तुटली की पोट नाजूक राहतं, आणि खेळताना किती जोराने चावायचं हे पिल्लू शिकतच नाही. ‘हेवी बोन’, ‘डबल कोट’ या शब्दांवर पैसे मोजू नका. कागद म्हणजे चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंद. कागदावरचा मायक्रोचिपचा नंबर आणि पिल्लाच्या अंगातल्या चिपचा नंबर एकच आहे का, हे स्कॅनर लावून दाखवायला सांगा.

पिल्लाजवळ खाली बसा. नाक-डोळे कोरडे-स्वच्छ, हिरड्या गुलाबी, शेपटीखाली विष्ठा चिकटलेली नाही, पोट जेवणाआधीही ढोलासारखं तट्ट नाही, हे बघा. तट्ट पोट म्हणजे जंत. मग हातातल्या किल्ल्या जमिनीवर टाका. दचकून थोड्या वेळाने वास घ्यायला येणारं पिल्लू घरासाठी उत्तम. कोपऱ्यात जाऊन थरथरत बसणारं घेऊ नका, बाकीच्यांना सारखं दाबणारंही लहान मुलांच्या घरात नको.

पहिले चार महिने

जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांचं झाल्यावर महिन्यातून एकदा, सहा महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा पिल्लू पिशवीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर तोला, अंदाजाने देऊ नका.

पार्वो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. एकच टोचून थांबलात तर उपयोग नाही. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात शिल्लक असते तोवर ती लसीलाच निकामी करते, आणि ती नेमकी कधी संपते ते प्रत्येक पिल्लात वेगळं. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. तालुक्याहून आणायची असेल तर बर्फाच्या थर्मासमध्ये आणा, आणि बाटलीवरचं स्टिकर कार्डावर लावून घ्या. गावचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गुरांसाठी असतो, कुत्र्याची लस आहे का हे आधी विचारून जा. आजार हाताबाहेर जात असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था हे दोन आधार आहेत.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला गावातल्या उकिरड्यावर सोडू नका. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. ज्या अंगणात पिल्लू पार्वोने गेलं तिथे वर्षभर लस न झालेलं दुसरं पिल्लू आणू नये. वांती आणि रक्ताची घाण वास येणारी हगवण दिसली की घरगुती उपाय करत बसू नका. सलाईन त्याच दिवशी लागतं.

पण याच काळात, तीन ते चौदा आठवड्यांत, पिल्लाचं मन घडतं. म्हणून त्याला कडेवर घेऊन सगळं दाखवा: बैलजोडी, ट्रॅक्टर, थ्रेशर, फवारणीचा पंप, डोक्यावर भारा घेतलेली बाई, काठी टेकत येणारा म्हातारा. कोंबड्यांची ओळख दोरीवर करून द्या. दहा फुटांवर बसवा, कोंबडीकडे बघून तुमच्याकडे वळलं की खाऊ द्या, आणि मग रोज एक पाऊल पुढे सरका. एकदा कोंबडी मारली की मार देऊन ती सवय जात नाही.

भाकर आणि बाकीचं

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोनदा. वीस किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसभरात ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरी, दोन उकडलेली अंडी, वाटीभर घट्ट बिनफोडणीचं वरण आणि चमचाभर तेल एवढं पुरतं. वावरात पळणाऱ्याला थोडं जास्त. तीस किलोच्या लॅबला याच्या दीडपट. नुसत्या दूध-भाकरीवर वाढलेल्या कुत्र्याचे केस राठ होतात आणि स्नायू भरत नाहीत. दुधाने ढाळ लागत असेल तर ताक द्या. सोयाबीन घरचं असलं तरी पूर्ण शिजवून द्या, कच्चं पचत नाही. लॅब आणि शेफर्डच्या पिल्लांना चांगलं पिल्लांचं तयार खाद्य चालू असेल तर वरून कॅल्शियमच्या बाटल्या ओतू नका. जास्तीचं कॅल्शियम वाढत्या हाडांना वाकडं करतं.

सावजी रश्शातली शिजलेली हाडं देऊ नका. शिजल्यावर हाड कडक होऊन उभं फुटतं आणि आतड्यात घुसतं. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट बंद. आणि आपल्याकडची खास गोष्ट: कोठ्यात ठेवलेली सरकीची ढेप. तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विष गाई-म्हशी पचवतात, कुत्र्याला ते भिनतं आणि हृदयावर येतं. ढेपेचं पोतं उंचावर ठेवा, गुरांच्या टोपल्यात कुत्र्याला तोंड घालू देऊ नका.

उन्हाळा

होळीपासून फिरवणं पहाटे आणि दिवस मावळल्यावर. डांबरी रस्त्यावर उलटा तळहात सात सेकंद ठेवा. ठेववला नाही तर कुत्र्याचे तळवेही भाजतील. टिनाच्या छपरीखाली बांधू नका, तिथे बाहेरपेक्षा जास्त तापतं. कडुनिंबाखाली फूटभर खोल खड्डा करून त्यात रेती भरा, दुपारी दोनदा पाणी शिंपडा. कुत्रं स्वतःहून त्यात पोट टेकून पडतं. पाणी मातीच्या कुंडीत ठेवा, स्टीलच्या भांड्यात ते तासाभरात तापतं. तीस किलोच्या कुत्र्याला एरवी दीड-दोन लिटर लागतं, मे महिन्यात तीन लिटर आणि वर.

कूलरसमोर त्याला जागा द्या, पण लोखंडी कूलरला अर्थिंग आहे का हे आधी तपासून घ्या. ओल्या फरशीवर झोपलेलं कुत्रं टाकीला तोंड लावतं आणि शॉक लागून मरतं. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. मृगाचा एखादा पाऊस पडून गेला की हवा दमट होते, पारा ३८ वर येतो आणि आपण निर्धास्त होतो. पण दमट हवेत जिभेवरचा ओलावा उडत नाही, कूलरही गार करत नाही. जूनचा हा पंधरवडा जाड कुत्र्यांना मे इतकाच जड जातो.

ऊन लागलंय हे ओळखायचं असेल तर ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबीऐवजी विटेसारखी लाल, लाळ चिकट आणि तारेसारखी, धापा थांबत नाहीत, चालताना झोकांड्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, गुदद्वारात थर्मामीटर लावून मोजतात. १०६ म्हणजे जीव धोक्यात. त्याला सावलीत न्या, विहिरीचं साधं पाणी पोट, काखा, जांघा यांवर ओतत राहा आणि पंखा लावा. ओलं टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका, ते गरम होऊन वाफ कोंडतं. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. पारा १०३ वर आला की पाणी थांबवा आणि दवाखान्यात न्या. कुत्रं उठून बसलं तरी न्याच, कारण किडनीला झालेली इजा दोन दिवसांनी दिसते.

गोचीड

पावसाळा सुरू झाला की रोज रात्री पाच मिनिटं कुत्रं चाचपा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी. दिसलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरा आणि सरळ, सावकाश ओढा. पिळू नका, रॉकेल लावू नका, बोटांनी चिरडू नका. साबणाच्या पाण्यात टाका. नुसत्या कुत्र्यावर औषध मारून गोचीड जात नाहीत, कारण रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. झोपायच्या जागेभोवतीच्या भेगा लिंपून घ्या, जुनं तरट जाळा, कुटाराचा ढीग तिथून हलवा. ताप, जेवण बंद, पांढऱ्या हिरड्या, नाकातून रक्त ही गोचीड-तापाची लक्षणं आहेत. त्यावर औषध आहे, पण रक्त तपासून.

पऱ्हाटीवर मारायचं औषध कुत्र्याला लावण्याची पद्धत अजून काही गावांत आहे. कळकळीने सांगतो, हे करू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले. ती औषधं कातडीतूनच भिनतात, आणि कुत्रं तर अंग चाटतं. लाळेचा पूर, थरथर, टाचणीएवढी बाहुली, असं दिसलं तर अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊनच डॉक्टरकडे जा. गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही स्वतःच्या मनाने टोचू नका. कोली जातीच्या आणि काही जर्मन शेफर्ड कुत्र्यांच्या मेंदूत ते शिरतं.

वावर, जंगल आणि चावा

ताडोबा, नवेगाव-नागझिरा, पेंच, मेळघाट यांच्या भोवतालच्या गावांत रात्री अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आयतं भक्ष्य. दार लावता येईल अशा खोलीत झोपवा. जागलीला नेलंत तर गळ्यात काटेरी पट्टा घाला. रानडुकरांसाठी सोडलेल्या जिवंत तारेने कुत्री आणि माणसं दोन्ही मरतात, शेजारच्या वावरात ती आहे का हे विचारून घ्या. जंगलात कुत्रं सोडू नका. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांना मारणारा डिस्टेंपर हा कुत्र्यांचाच आजार.

साप चावला तर बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर. घोणस चावला की भराभर सूज आणि रक्तस्राव, मण्यार किंवा नाग चावला की पाय लुळे आणि श्वास मंद. दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, चालवू नका, उचलून न्या. माणसाला देतात तीच प्रतिविष लस कुत्र्यालाही चालते. ती कोणत्या डॉक्टरकडे असते, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवा.

आणि कुत्र्याने माणसाला चावलं, अगदी घरच्या, लस झालेल्या कुत्र्याने का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद भरू नका, टाके घालायची घाई करू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रेबीजचं इंजेक्शन दंडात घ्यायचं असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ वा दिवस, कातडीत घ्यायचं असेल तर ०, ३, ७ आणि २८ वा. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेच्या आत द्यायचं सीरमही लागतं, ते पहिल्याच दिवशी मागा. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा, आणि चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेआड होऊ देऊ नका.